वाढत्या अंगाचा फ्रीज

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हॉलच्या फरशीवर बसून तीन फ्रीज शिवले, तेव्हा मी कपाळाला हात लावला. शिवले म्हणजे खरोखरच शिवले. तंबूचं जाड कापड, आत पुठ्ठे आणि चिंध्या, वर उघडणारं झाकण. एक अठरा लिटरचा, एक तीसचा, एक पन्नासचा.

"ताई, फ्रीज दुकानात मिळतो," मी म्हटलं.

"मिळतो ना. पण ट्रायल दिल्याशिवाय मी कुणाला पक्की शिलाई मारून दिलीय का कधी?" असं म्हणून त्यांनी दोरा दातांनी तोडला.

ताई शाळेचे गणवेश शिवायच्या. बत्तीस वर्षं गळ्यात टेप, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना टेपताई म्हणते. दुकान बंद केलं तरी टेप काही गळ्यातून उतरली नाही. माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, शाळेची बस चालवायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना सहलीला नेलं आणि आणलं, स्वतः बायकोला घेऊन कुठे गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी बंद व्हॅन घेतली, आत प्लायवूडचा पलंग ठोकला, छपरावर सोलरचं पॅनेल चढवलं आणि जाहीर केलं की आम्ही दोघं नऊ दिवस डोंगरातल्या मोठ्या तळ्याकडे जाणार, गाडीतच राहणार, गाडीतच झोपणार.

सगळे ताईंकडे बघायला लागले. कारण ताई गेल्या तेरा वर्षांत एकदाही घराबाहेर झोपल्या नव्हत्या.

त्यांना साखरेचं इंजेक्शन लागतं. तेरा वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना त्यांनी औषध बर्फाच्या थर्मासमध्ये नेलं. बर्फाला टेकून ते गोठलं, मग वितळलं, दिसायला होतं तसंच दिसलं. तीन दिवस ताई ते वाया गेलेलं औषध टोचून घेत राहिल्या आणि चौथ्या दिवशी बेशुद्ध पडल्या. पाच दिवस दवाखान्यात होत्या. त्या पाचही दिवसांत बाहेरच्या बाकावर मी बसले होते, म्हणून सांगते, ते माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. तेव्हापासून मुक्काम फक्त घरी. ताई बहिणीकडे राहिल्या नाहीत, नातीच्या पहिल्या वाढदिवसालाही गेल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा वरचा कप्पा आणि त्या, दोघंही जागचे हलले नाहीत.

पण यावेळी भाऊजींचं बोलून होतंय न होतंय तोच ताई म्हणाल्या, "मी येणार. औषध दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे, एवढंच ना? राहील. कसं ते मी बघते."

त्यांचा मुलगा परगावी असतो आणि फोनवरून आईचा डॉक्टर होतो. तो म्हणाला, "आई, कशाला नसता उपद्व्याप? घरी काय कमी आहे?" ताईंनी "बरं" म्हटलं आणि दुकानात जायला चप्पल घातली. मीही गेले. मला त्यांना अडवायचं होतं, खोटं कशाला बोलू?

दुकानदाराने नेहमीचं सुरू केलं. "घ्यायचाच तर मोठा घ्या, बाई. उद्या लागला तर? पन्नासचा न्या, निश्चिंत व्हा."

"बत्तीस वर्षं हेच ऐकलं," ताई म्हणाल्या. "'जरा मोठाच शिवा, वाढतं अंग आहे.' मुलांचं अंग वाढतं हो. आमचं दोघांचं काय वाढायचंय आता?"

"माझं वाढतंय," भाऊजी पोटावर हात फिरवत म्हणाले. त्यांना पन्नासचाच हवा होता. मासे, सरबताच्या बाटल्या, आइस्क्रीम, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत होतं.

ताईंनी टेप काढली. बाहेरून मापं घेतली, आतून घेतली, आणि दुकानदाराला विचारलं की बाहेरून एवढा थोरला आणि आत एवढुसाच, हे कसं? भिंती जाड असतात, तो म्हणाला, शिवाय कोपऱ्यात मोटर. "म्हणजे अस्तरच फार," असं म्हणून ताईंनी पिशवीतून औषधाचा डबा, दुधाची बाटली आणि अंड्यांचा रिकामा ट्रे काढून एकेका फ्रीजमध्ये मांडून बघितला. दुकानदार घड्याळाकडे बघत राहिला. विकत काहीच न घेता आम्ही परत आलो, आणि मग ते कापडी फ्रीज झाले.

ट्रायल व्हॅनमध्ये झाली. पन्नासवाला आत ठेवला तेव्हा भाऊजींना पाय पोटाशी घेऊन झोपावं लागलं आणि दाराशी जायला त्याच्यावरून उडी मारावी लागली. दुसऱ्या उडीला ते आपटले. "हा घ्यायचा असेल तर तुम्ही बाहेर झोपा," ताईंनी निकाल दिला. गाडीतली बॅटरीही त्याला पुरली नसती, हे भाऊजींनी गुडघा चोळत कबूल केलं. अठराचा बघून ते म्हणाले, "हा काय, बालवाडीचा डबा?" राहिला तीसचा. तो पलंगाखाली असा बसला की आजूबाजूला बोट जाईना. लागेल तेव्हा पुढे ओढायचा, झाकण उघडायचं, पुन्हा आत ढकलायचा. "अंगाबरोबर बसला," ताई खूश होऊन म्हणाल्या.

खरा तीसचा आला. पण निघायची घाई ताईंना नव्हती. त्यांनी स्वतःच अट घातली: तीन दिवस गाडी अंगणात, भर उन्हात उभी ठेवायची, फ्रीजमध्ये औषधाऐवजी पाण्याच्या बाटल्या आणि तापमापक ठेवायचा. तीन दिवसांत काटा एकदा जरी आठच्या वर गेला तर जायचं नाही.

पहिला दिवस पाचावर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला नऊ झाले, तीनला अकरा.

आम्ही तिघं व्हॅनच्या दाराशी उभे होतो. मला आतून हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढली. "राहू दे गं," ते हळूच म्हणाले. "तळं काय पळून चाललंय? आणि नाही बघितलं तरी काय बिघडतं?"

जन्मात कधी हट्ट न केलेला माणूस. त्यांचा चेहरा मला बघवेना.

ताईंनी पदर खोचला, फ्रीज पुढे ओढला आणि त्या पलंगाखाली शिरल्या. बाहेर फक्त तळपाय. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "मागची बाजू इस्त्रीसारखी तापलीय!"

त्या बाहेर आल्या तेव्हा केसांत जळमटं होती आणि चेहरा रागाने लाल झाला होता. राग स्वतःवरच होता. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. बत्तीस वर्षं ताईंनी एकही शिवण मायेशिवाय घातली नव्हती. "आणि याला मी बोटभर जागा सोडली नाही! आतली उष्णता बाहेर टाकायला त्याला जागाच नाही. गुदमरलाय बिचारा. नीट बसला म्हणून मीच नाचत होते, अक्कल शेण खायला गेली होती माझी."

"मग पलंग कापू?" भाऊजींनी विचारलं.

"पलंग चाकाच्या उंचवट्यावर टेकलाय, तो नाही हलायचा. फ्रीज एक माप कमी करायचा. अठराचा, चारी बाजूंनी चार-चार बोटं सोडून."

"आणि माझे मासे?"

"रोज ताजे घ्या, रोज खा. माझ्या औषधाशेजारी मासा झोपणार नाही."

दुकानदाराने हात वर केले. वापरलेला माल बदलून मिळणार नाही, असं पावतीवरच छापलंय म्हणाला. ताई म्हणाल्या, "बरं," आणि काउंटरशेजारच्या स्टुलावर बसल्या. सकाळी दहाची वेळ होती. त्यांनी भांडण केलं नाही की आवाज चढवला नाही. फक्त फ्रीज बघायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत राहिल्या, "गाडीच्या आतलं माप घेतलंय का? मागे चार बोटं जागा राहते का? नाही? मग आज नका घेऊ, आधी मोजून या." पाच गिऱ्हाइकं मोजायला घरी गेली. बारा वाजता दुकानदाराने अठराचा खोका स्वतः उचलून आमच्या रिक्षात ठेवला.

पुन्हा तीन दिवस अंगणात. चार, पाच, पाच, सहा, पाच. चौथा दिवस माझ्या हट्टाखातर. त्या दिवशी दर तासाला मीच जाऊन बघितलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. संध्याकाळी ताईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुला मी जाऊ नये असं वाटतंय ना?"

"वाटतंय," मी म्हटलं. "मी त्या बाकावर बसले होते."

"माहितीये. पण तेरा वर्षं झाली गं. मी बरी होऊन घरी आले, आणि तू अजून तिथेच बसलीयस. आता ऊठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वरच्या कप्प्यातून औषध काढलं, पंधरा दिवसांचं, आणि छोट्या फ्रीजमध्ये मधोमध ठेवलं, कुठल्याही भिंतीला न टेकवता. झाकण त्यांनी एका झटक्यात लावलं. मुलाला फोन गाडी सुटल्यावर केला.

रोज संध्याकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही. "पाच," म्हणायच्या आणि ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी "सहा." पुन्हा "पाच." मी पावणेसहापासून फोनशेजारी बसून असायचे.

सहाव्या दिवशी सहा वाजले, सव्वासहा, साडेसहा. मी लावला तर लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. सातला फोन आला आणि ताई जे बोलायला लागल्या ते थांबेनातच. तळ्याचं पाणी इतकं थंड की भाऊजी गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडले. कुठल्या दोन बहिणी शेजारी तंबूत आहेत, त्यांनी ताईंना पोहायला उतरवलं. या वयात! "अगं, मी तरंगले," त्या म्हणाल्या. "पाठीवर. नुसती तरंगले."

"ताई," मी ओरडले, "किती आहे?"

"काय किती?"

"फ्रीज!"

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "आज बघायचंच विसरले."

"आधी बघा!"

पावलं वाजली, व्हॅनचं दार सरकलं. मग त्यांचा आवाज आला. "चार. ठेवू आता? कपडे अजून ओले आहेत माझे."

मी फोन ठेवला आणि पोटभर रडले.