चौकातला फ्लेक्स

त्या पोरींना मी माझ्या हाताने भरीत वाढलं, याचा मला अजून संताप येतो. पोटभर खाल्लं त्यांनी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला नाकं मुरडली, म्हणून वहिनीने त्यांच्यासाठी वेगळ्या पुऱ्या तळल्या. जाताना एकेकीच्या पिशवीत हिरवी वांगीसुद्धा बांधून दिली. माझं चाललं असतं तर आज मी ती वांगी घरोघर जाऊन परत मागून आणली असती.

माझ्या भावाचं गाव सोनगीरच्या पुढे, हायवेपासून आत. त्याची मुलगी अकरावीला माझ्याकडे धुळ्यात राहायला आली. माझं पिकोफॉलचं दुकान, वरती दोन खोल्या, मला मूलबाळ नाही. ती आली आणि घरात बडबड सुरू झाली. माझ्याशी ती अहिराणीच बोलायची, दुकानातल्या बायकांशीही. मला बरं वाटायचं. लग्नानंतर जळगावला सासरी माझ्या बोलण्याला सगळे हसायचे, म्हणून मी ती भाषा गिळून टाकली होती. ती या पोरीने मला परत दिली.

थंडीत आमच्याकडे शेतात भरीत पार्टी होते. कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि तिथेच पंगत बसवायची. पोरीने हौसेने वर्गातल्या मैत्रिणींना बोलावलं. भावाने त्यांच्यासाठी गाडी केली. पोरगी सकाळपासून जाळापाशी. नाकाला काजळी, ओढणी कमरेला खोचलेली. मधेच सगळी वांगी करपायला लागली तशी ती बापावर ओरडली, "बाबा, बठ्ठा वांगा जळी ग्यात ना!"

तेवढंच. एका पोरीने ते मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत इन्स्टावर टाकलं. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं, वर माकडाच्या चाळ्यांना लावतात तसलं संगीत. दोन-तीन दिवसांत ते सगळ्या धुळ्यात फिरलं. तिच्या चेहऱ्याचं स्टिकर झालं. वर्गाच्या ग्रुपवर कुणी काही चुकलं की ते स्टिकर यायचं. हजेरीला तिचं नाव घेतलं की मागच्या बाकावरून आवाज, "वांगा जळी ग्यात!" सरसुद्धा हसले म्हणे. सरांना कसला पगार देतात, कोण जाणे.

पोरीने मला काही सांगितलं नाही. फक्त फोन हातातून सुटेना. जेवताना फोन, न्हाणीघरात फोन. मी ओरडले की म्हणायची, "बघते गं आत्या, आता कोण काय म्हणालं ते." स्वतःला दिलेल्या शिव्या ती पुन्हा पुन्हा वाचायची. जखमेवरची खपली काढत बसावं तसं.

आणि मग माझ्या भावाने कमाल केली.

आमच्या गावात चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय कुणाचं काही साजरं होत नाही. वाढदिवसाला फ्लेक्स, पोलीस भरतीत निवड झाली की फ्लेक्स, नवा ट्रॅक्टर आला तरी फ्लेक्स. चौकात तोंड झळकलं म्हणजे इज्जत वाढली, हा तिथला हिशेब. भावाला कुणीतरी तो व्हिडिओ दाखवला. इंग्रजी त्याला येत नाही. हजारो लोकांनी पाहिलाय आणि खाली सगळी हसरी तोंडं आहेत, एवढं त्याला कळलं. त्याने मला फोन केला.

"अक्का, आपली पोर बठ्ठास्ना मोबाइलमा शे! लोक किती खूश शेत देख!"

मी दुकानात गिऱ्हाइकात होते. बरं बरं म्हणून फोन ठेवला. व्हिडिओ काय आहे हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

पोरगी शनिवारी गावी गेली. एसटीतून उतरली तर चौकात ती स्वतः, खांबापासून खांबापर्यंत. व्हिडिओतलाच फोटो, नाकावर काजळी, तोंड उघडं. वर 'गावाची शान', खाली शुभेच्छुक म्हणून काका, मामा, दूध डेअरीचे चेअरमन, सगळ्यांचे गॉगल लावलेले फोटो. बाप खाली पेढे घेऊन उभा.

तिने पेढा खाल्ला. पण तोवर एसटीतल्याच कुणीतरी फ्लेक्सचा फोटो काढला होता आणि सोमवारी तो वर्गाच्या ग्रुपवर होता. त्यानंतर ती कॉलेजात गेली नाही. दार लावून पडून राहायची. मी दार वाजवून वाजवून थकले तेव्हा तिने फोन माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी इतकं घाण लिहू शकतात, हे मला माहीत नव्हतं. एकीने लिहिलं होतं, मरत का नाहीस.

मी तशीच उठले आणि जिने व्हिडिओ काढला होता तिच्या घरी गेले. देवपुरातला बंगला, दारात पांढरी गाडी. तिच्या आईने सरबत आणलं. सगळं ऐकून म्हणाली, "अहो ताई, मुलंच ती. मस्करी करतात. तुम्ही फार मनाला लावून घेता." आणि हसत स्वतःचा फोन पुढे केला. त्यांच्या किटी पार्टीच्या ग्रुपवरही ते स्टिकर होतं. "बघा, आम्हाला तर ती किती गोड वाटते!"

सरबत मी तिच्या सोफ्यावर ओतलं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. लिंबाचा डाग निघत नसेल तर बरंच आहे.

कॉलेजने सल्ला दिला, मुलीचा मोबाइल काढून घ्या. म्हणजे मार खाल्ला तिने आणि डोळेही तिनेच मिटायचे! मी मात्र एकाच गोष्टीला जीव लावून बसले होते. ही पोर पुन्हा पूर्वीसारखी माझ्याशी बोलली पाहिजे. बाकी जग खड्ड्यात गेलं तरी चालेल.

महिन्याभराने ती आपणहून उठली, केस धुतले, कॉलेजात गेली. आठवड्यात मैत्रिणी पुन्हा घरी यायला लागल्या. त्याच. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. पोरगी हसत होती. बोलत होती पुस्तकातल्यासारखं, "हो ना," "अगं नाही." माझ्याशीसुद्धा. मी अहिराणीत विचारलं की ती शुद्ध मराठीत उत्तर द्यायची. मी स्वतःला समजावलं, निदान बोलतेय तरी.

मग परवा दुपारी भावाचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"अक्का, आते मना बी व्हिडिओ उना! पोरनीच टाका. मी फोनवर बोली राहिनू तो. खाल इंग्रजीमा काय लिखेल शे, वाची दे ना."

त्याने पाठवलेला व्हिडिओ मी फोन चालू ठेवूनच उघडला; ती कॉलेजात परत गेली त्याच आठवड्यातला. बाप व्हिडिओ कॉलवर तिला विचारत होता, जेवलीस का, थंडी वाजते का. मागे तेच माकडाचं संगीत. खाली इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा अर्थ, 'माझ्या घरचा जोकर.' त्याखाली त्या सगळ्या पोरींची हसून लोळणारी तोंडं, आणि जिने पहिला व्हिडिओ काढला होता तिचं बदामाचं चिन्ह.

म्हणजे ही वर्गात परत गेली ती बापाला विकून.

ती समोरच जेवत होती. मी फोन तिच्या हातात कोंबला. "बाप विचारतोय काय लिहिलंय. तूच वाचून दाखव." तिला रडू फुटावं असं मला मनापासून वाटत होतं. रडली असती तर मी तिला पोटाशी धरलं असतं.

तिने घास गिळला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"'माझे लाडके बाबा' असं लिहिलंय."

पलीकडे भाऊ खळखळून हसला. "मंग रविवारे ये ना बेटा, आखो एक व्हिडिओ काढूत!"

"हो बाबा, नक्की येते," ती म्हणाली आणि फोन मला परत दिला.