बाटलीमास्तरांची सर्पगंधा

"श्वास धर. हं... सोड आता."

बाटलीमास्तरांच्या खोलीत शिरणाऱ्याला हे ऐकावंच लागे. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि बाटली उघडी असेतो श्वास सोडायचा नाही.

मास्तर बेळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गोवा सुटला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुंभारवाड्याला आमची पडवी भाड्याने घेऊन राहिले. मी नवी सून. वय अठरा, अक्कल आठची. इडलीच्या भांड्यात ते बाटल्या उकडत. शहाळ्याचं पाणी, साखर आणि चायनाग्रास त्यांत थिजवत, वर सर्पगंधेच्या मुळाचा तांदळाएवढा तुकडा ठेवून कापसाचा बोळा लावत. महिन्याभरात आत पिवळट, भुसभुशीत गोळा फुगे. मला वाटलं, मास्तर पेढे करतात. तसं विचारलंही.

"पेढेच गं पोरी, पण रक्तदाबवाल्यांचे!"

त्या मुळापासून रक्तदाबाचं औषध होई. कंत्राटदार आमच्या बायकांकडून ते डोंगरातून खणून घेई, आणि मूळ खणलं की झाड संपलं. अणशीकडे तर शोधूनही मिळेना. मास्तर म्हणत, "बाटलीत वाढलं तर रानातलं रानात राहील की." गणपतीनंतर मुंबईच्या एका औषध कंपनीचा साहेब बाटल्या बघायला येणार होता. सगळा जीव त्या होकारात अडकलेला.

नागपंचमीला पावसाने वारुळापर्यंत जाता येईना. सासूबाई कुरकुरल्या, "आता दूध कुणाला दावू गो?" मी शहाणी! सर्पगंधा म्हणजे नागाचंच मूळ की. मास्तर ओढ्यापलीकडे अडकलेले. श्वास धरून (तेवढा नियम पाळला) मी एकेक बोळा काढला, प्रत्येक बाटलीत दुधाचा थेंब आणि एक लाही घातली. शेवटच्या बाटलीला दूध संपलं, ती उघडलीच नाही. केवढी पुण्यवान वाटले मी मला!

आठवड्यात बाकी सगळ्या बाटल्या हिरव्या-काळ्या बुरशीने भरल्या. बुरशीतून लाही डोकावत होती. मास्तरांनी लाही पाहिली, मग मला.

"नागोबा जेवला काय गं?"

एवढंच बोलून पाठ फिरवून बसले. खांदे हलत होते. मी बावळट, मला वाटलं हसतायत.

गणपतीनंतर आलेल्या साहेबाने विचारलं, "हे कशानं झालं?"

"माझा हात अस्वच्छ राहिला," मास्तर म्हणाले.

वाचलेली एक बाटली साहेबाने उजेडात धरली. "शेरभर व्हायला किती बाटल्या?"

"हे घर भरेल."

"डोंगरातली बाई दोन दिवसांत शेरभर आणते, मास्तर. हे परवडत नाही."

साहेबाची जीप गेल्यावर मी मास्तरांचे पाय धरले. "ऊठ. तू दूध नसतं घातलंस तरी तो हेच बोलला असता." ते खरं होतं की माझ्यासाठी होतं, मला अजून कळलेलं नाही.

पुढे त्यांना दम लागू लागला. दिवाळीआधी त्यांचा मुलगा त्यांना बेळगावला घेऊन गेला. निघताना त्यांनी ती बाटली माझ्याच हातात दिली. माझ्या! "महिन्याला नवं खाणं दे. एक जगली तर पुढं कुणीतरी करील की."

मी उकडलं, थिजवलं, हात धुतले, श्वास धरला. चार महिने गोळा वाढत राहिला. पाचव्यांदा बोळा काढला, तोच आमचे हे पोस्टकार्ड घेऊन दारात आले.

"ऐकलीस काय गो? मास्तर गेले."

बाटली उघडी होती. श्वास धरायचा असतो हे मला ठाऊक होतं. मी तिच्यावर ओणवून रडले, तोंड उघडं टाकून, मोठ्याने.

चार दिवसांनी तीही हिरवी पडली.