रिकामा सोफा आणि मीडिया सर्व्हर

डेमोच्या चौथ्या मिनिटाला पुढे बसलेले एक बापू उठले. धोतर सावरलं, टोपी नीट केली आणि दाराच्या पडद्याकडे निघाले.

"बापू, काय झालं? पूर्ण तर ऐका," मी म्हणालो.

"काय ऐकू? बोलणं तं काहीच समजून नाही राह्यलं. नुसते छातीत दणके बसून राह्यले."

त्यांच्या मागोमाग आणखी सहा जण उठले. बाहेर चपलांचा ढीग होता. त्यातून ज्याने त्याने आपापली जोडी शोधली आणि सगळे समोरच्या बियाण्यांच्या स्टॉलवर गेले. प्रदर्शनाचा दुसरा दिवस, दुपारचे बारा. सकाळपासून असे पाच डेमो झाले होते आणि पाचही वेळा लोक शेवटापर्यंत थांबले नव्हते.

मी तेव्हा घरगुती ऑडिओच्या एका कंपनीत डेमो इंजिनीअर होतो. म्हणजे नवीन माल आला की तो लोकांसमोर वाजवून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि ऑर्डर घ्यायची. त्या वर्षी आमचा नवीन माल होता मीडिया सर्व्हर. दिसायला व्हीसीआरएवढा डबा. आत हार्ड डिस्क. तुमच्या साऱ्या सीडी, कॅसेट, फोटो एकदा त्यात भरायचे, मग रिमोटवर बोट ठेवलं की हजारातलं हवं ते गाणं हवं त्या खोलीत वाजणार. आज हे खिशातला फोन करतो. तेव्हा लोक डब्याच्या मागे जाऊन बघायचे, कॅसेट कुठून घालतात म्हणून. त्याला जोडून टीव्ही, पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे जमिनीवर ठेवायचा, फक्त जाड आवाज काढणारा खोका.

प्रदर्शन बुलढाण्यात एका कॉलेजच्या मैदानावर होतं. नाव 'कृषी व गृहोपयोगी वस्तू' असं जोडाचं. एका बाजूला बियाणं, औषधं, ठिबक. दुसऱ्या बाजूला मिक्सर, कपाटं आणि आम्ही. ती बीटी कापसाची सुरुवातीची वर्षं होती. कोणाचं बियाणं खरं, कोणाचं बोगस, अळी का आली, भाव का पडला, सगळ्या गप्पा तिथेच येऊन थांबायच्या. पुण्याच्या हेड ऑफिसातले लोक वर्तमानपत्रात आमच्या भागाचे फोटो बघायचे, खाली मान घातलेल्या माणसांचे. आमच्या रिजनल मॅनेजर सबनीस मॅडम मला फोनवर सरळ म्हणाल्या होत्या, "इंगळे, तिथे लोकांची काय परिस्थिती आहे आणि आपण तिथे होम थिएटर विकायला बसलोय. मला तरी हे पटत नाही."

मला राग आला होता. दुःख होतं, खोटं नाही. माझ्या स्वतःच्या भावकीतच होतं. पण दुःखातल्या माणसाला कान नसतात हे कोणी सांगितलं? आणि जिल्ह्यात डॉक्टर होते, मास्तर होते, व्यापारी होते, ओलिताची शेती असणारे होते. मीच हट्ट करून हा स्टॉल घ्यायला लावला. तेव्हा मॅडमनी अट घातली. चार दिवसांत पाच सर्व्हर बुक व्हायला हवेत. नाही झाले, तर आमचं अकोल्याचं ऑफिस बंद आणि माझी बदली हैदराबादला. बायको खामगावला नर्स होती, आई आमच्याजवळ होती. हैदराबाद म्हणजे मी एकीकडे आणि घर एकीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या वहीत बुकिंग होतं शून्य, आणि मॅडम तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः येणार होत्या.

डेमो रूम मात्र मी झकास केली होती. पत्र्याच्या मंडपात प्लायवूडच्या भिंती, काळे पडदे, खाली लाल गालिचा आणि मधोमध पुण्याहून मागवलेला पांढरा सोफा. आता आमच्या लोकांची रीत सांगतो. खाली गालिचा दिसला की चपला बाहेर निघतात. आणि धुळीच्या कपड्यांनी कोणी पांढऱ्या सोफ्यावर बसत नाही. मी दर वेळी म्हणायचो, "वर बसा ना." "राहू द्या जी, कपडे मळले हायेत," असं उत्तर यायचं आणि म्हातारं माणूस सोफ्याच्या पुढे गालिच्यावर मांडी घालायचं. एकदा म्हातारं माणूस खाली बसलं की बाकीच्यांची वर बसायची प्राज्ञा नाही. दोन दिवस सोफा कोरा राहिला. मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. किती सभ्य लोक, म्हणून.

पण डेमो पडत होते. मी आवाज वाढवून पाहिला, लोक आणखी लवकर उठले. सिनेमा बदलला, हेलिकॉप्टरऐवजी समुद्र लावला. फरक नाही. मग कॅलिब्रेशनचा माइक काढला. हा खास मोजणीचा माइक असतो. ऐकणाऱ्याचा कान जिथे असतो तिथे तो स्टँडवर ठेवायचा आणि प्रत्येक स्पीकरचा आवाज मोजून सारखा करायचा. मी तो सोफ्यावर ठेवला. आलेख एकदम सरळ. पुण्याला सर्व्हिस डेस्कला फोन केला.

"रीडिंग ओके आहे?" तिकडून विचारलं.

"ओके आहे."

"मग सिस्टिम ओके आहे. ऑडियन्सचा प्रॉब्लेम असेल."

मी फोन आपटला. पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. कदाचित मॅडमचंच बरोबर होतं.

त्या दुपारी तीनच्या सुमारास सलीमभाई आले. धामणगाव बढ्याचे. साठीचे, उंच, दाढी मेंदीने रंगवलेली, हातात कापडी पिशवी. गावोगावच्या लग्नांत आणि कार्यक्रमांत भोंगे आणि माइक लावायचा त्यांचा धंदा. पिशवीतून त्यांनी चार कॅसेट काढल्या.

"हे तुमच्या डब्यात चढते काय, इंजिनेर साहेब? घरी सातशेच्या वर हायेत. जिथं जिथं माइक लावला तिथलं टेप करून ठेवलं. आता बुरशी लागून राह्यली. दोन-तीन पावसाळे निघाले की संपलं सारं."

"चढते की," मी म्हणालो. "आधी डेमो तर ऐका."

ते आणखी दहा जणांबरोबर गालिच्यावर बसले. मी समुद्र लावला. लोक चुळबुळायला लागले, दोघं उठले. सलीमभाई मात्र वेगळंच करू लागले. बसल्या जागी मान वर केली. मग गुडघ्यांवर झाले. मग अर्धवट उभे राहून कंबरेत वाकले. पुन्हा खाली बसले. मागचा एक जण हसून म्हणाला, "चाचा, कंबर गेली काय?" लाइट लावले, लोक गेले, सलीमभाई राहिले.

"एक बात सांगू काय साहेब? बुरा नका मानू. तुमचा बारीक आवाज सारा डोक्यावरून चालला. खाली नुसती धबधब हाय."

मी आधी शुद्ध भाषेत समजावलं. माइकचं रीडिंग दाखवलं, आलेख दाखवला. ते मान हलवत राहिले.

"हाव, बरोबर हाय. पण हे कुठलं हाय? सोफ्यावरचं. सोफ्यावर कोण बसलं?"

"कोणी बसत नाही त्याले मी काय करू?" माझा पारा चढला आणि डेमोची भाषा गळून पडली. "बारा वर्षं झाले मले ह्या लायनीत."

"मले पस्तीस झाले," सलीमभाई शांतपणे म्हणाले. "तुम्ही खाली बसून पाह्यलं काय?"

नव्हतं पाहिलं. दोन दिवसांत एकदाही नाही. मी रिमोट घेऊन मशीनच्या रॅकजवळ उभा असायचो.

मी बूट काढले आणि गालिच्यावर बसलो. समुद्र पुन्हा लावला. लाटेचा फेस, पक्ष्यांचा आवाज, काही नाही. सिनेमातली बाई बोलत होती, ते तोंडावर उशी धरल्यासारखं. आणि सबवूफर बरगड्यांत ठोसे मारत होता. मला भयंकर लाज वाटली. बापूंना मी मनात अडाणी म्हटलं होतं.

गोष्ट साधी आहे. स्पीकरमध्ये बारीक आवाजासाठी एक छोटी वाटी असते, तिला ट्वीटर म्हणतात. तिचा आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. ज्याच्या कानासमोर ती, त्याला ऐकू येणार. बोलण्यातले शब्द कळतात ते ह्या बारीक आवाजामुळे. जाड आवाज मात्र सगळीकडे पसरतो, जमिनीलगत आणि कोपऱ्यात तर दुप्पट होतो. माझे स्पीकर तीन फुटी स्टँडवर, सोफ्यावरच्या माणसाच्या कानाच्या रेषेत. लोक बसलेले खाली, अगदी स्पीकरच्या पायाशी. बारा वर्षांचा अनुभव आणि मी रिकाम्या सोफ्याला गाणी ऐकवत होतो.

"मंग आता?" मी विचारलं.

"आता काय, उतरवा खाली. लग्नात बाया वट्यावर असल्या तं भोंग्याचं तोंड वट्याकडे करा लागते. माणसं नाही हालवत आपण, भोंगा हालवतो."

स्टँड काढले. मैदानाच्या कडेला विटा होत्या, त्यांवर स्पीकर ठेवले. टीव्हीवरचा मधला स्पीकर खालच्या फळीवर आणून थोडा वर तोंड करून बसवला. सबवूफर कोपऱ्यातून ओढला. तरी पत्र्याचा मंडप घुमत होता. सलीमभाई दोन स्टॉल पलीकडे जिनिंगवाल्याकडे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीवाल्याकडे गेले आणि नमुन्याच्या कापसाची चार भरलेली पोती मागून आणली. ती कोपऱ्यांत उभी केली आणि घुमणं बरंच बसलं.

"बीटीचा हाय," पोती देणारा जिनिंगवाला म्हणाला. "भाव नाही भेटला तं नाही, कशाच्या तरी कामी आला."

माइक मी या वेळी मांडी घातलेल्या माणसाच्या कानाशी धरला. सलीमभाईच बसले, हलू नका म्हटलं तर श्वाससुद्धा रोखून. मग राहिला प्रश्न काय ऐकवायचं. त्यांनी पिशवीतली एक कॅसेट पुढे केली. मोताळा तालुक्यातल्या एका शाळेतला भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, गाण्यांचा कार्यक्रम, बराच जुना. आमच्याकडे जुना-नवा आवाज तुलनेला दाखवायला एक टेप डेक होता. तो सर्व्हरला जोडला आणि कॅसेट डब्यात उतरवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच डेमोला मी ती लावली. पोरींचा आवाज आला, पाठोपाठ टिपऱ्या. लाकडावर लाकूड, स्वच्छ, एकेक ठोका वेगळा. खाली बसलेल्या चार-पाच जणांनी चक्क मागे वळून पाहिलं, कोण वाजवतंय म्हणून. मध्येच रेकॉर्डिंगमधल्या बाई पोरींवर खेकसल्या आणि सगळी खोली हसली. कोणी उठलं नाही. दुपारपर्यंत बायका यायला लागल्या. आधीच्या दोन दिवसांत एकही बाई आत आली नव्हती. एकीने विचारलं, "ह्यात माह्या मायचं लग्नाचं टेप भरता येते काय?" चिखलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी आणि एका कापड व्यापाऱ्याने बुकिंग केलं. दोन झाले.

पाच वाजता सबनीस मॅडम आल्या. खोली खचाखच होती. खाली जागा नाही, सोफा नेहमीप्रमाणे रिकामा. त्या सरळ जाऊन सोफ्यावर बसल्या. मिनिटभर ऐकलं. कपाळावर आठी.

"इंगळे, आवाज दबलेला येतोय. आणि हे स्पीकर विटांवर काय ठेवलेत? हा डेमो आहे का?"

काय समजावणार होतो, आलेख दाखवून? मी म्हणालो, "मॅडम, खाली बसा."

"काय?"

"सँडल काढून खाली बसा. दोन मिनिटं."

खोलीतल्या साऱ्या बाया वळून बघत होत्या. एक म्हातारी सरकली आणि तिने गालिच्यावर हात थोपटला. "ये वं बाई, बस इथं. वर कायले एकटी बसून राह्यली?"

मॅडमनी सँडल काढले. कडक इस्त्रीची साडी आवरून म्हातारीच्या शेजारी बसल्या. टिपऱ्या सुरू झाल्या आणि त्यांनीही मागे वळून पाहिलं. पूर्ण गाणं होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. मग डोळ्यांवरचा चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

मी पडद्याशी उभ्या असलेल्या सलीमभाईंकडे बोट दाखवलं.

"किती उंचीवर ठेवायचे असतात हे?" मॅडमनी त्यांना विचारलं. वही उघडली होती.

"फुटाचा हिसाब नसते मॅडम," सलीमभाई म्हणाले. "माणसं कुठं बसेल हायेत ते पाहा लागते."

चौथ्या दिवसाअखेर बुकिंग झाले तीन. पाच नाही. मॅडमनी रिपोर्टमध्ये तीनच लिहिले, पण खाली स्वतःच्या अक्षरात एक परिच्छेद जोडला की पहिले दोन दिवस डेमोची मांडणी चुकीची होती आणि ऑफिसला एक वर्ष द्यावं. वर्ष मिळालं. त्या वर्षात आम्ही अकरा सर्व्हर लावले, त्यातले बरेच सलीमभाईंनी. कंपनीने त्यांना इन्स्टॉलर म्हणून घेतलं आणि डेमोचा डबा त्यांच्याच घरी दिला. सातशे कॅसेट उतरवायला त्यांना दोन वर्षं लागली. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्यात काही शॉर्टकट नाही. ऑफिस पुढे बरीच वर्षं चाललं. मी हैदराबाद अजून पाहिलेलं नाही.

एक मात्र झालं. आमच्या इन्स्टॉलेशन फॉर्मवर खोलीची लांबी-रुंदी विचारायच्या आधी एक रकाना आला : घरातली माणसं बसतात कुठे? पुण्याचे लोक त्यावर हसायचे. पण ग्राहक मन लावून भरायचे. खामगावच्या एका वकीलसाहेबांनी लिहिलं होतं, 'मी सोफ्यावर. बाकी सगळे खाली.'

आम्ही स्पीकर बाकीच्यांसाठी लावले.