काकांची इरॅसिबिलिटी

अख्ख्या मुलुंडमध्ये शुद्ध उच्चारांत चिडणारा एकच माणूस असेल, तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे क्लासवाले काका. आयुष्यभर त्यांनी घरात स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतले आणि आयुष्यभर कोणावर ना कोणावर खेकसत राहिले. कधी पार्किंगवरून, कधी जिन्यातल्या चपलांवरून. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी वैतागून म्हणाला, "काका, तुमच्या इरॅसिबिलिटीची हद्द झाली हां!" काका ताडकन उठले. आता मारामारी होणार म्हणून आम्हीही उठलो. तर काका टेबलावर बोट आपटत म्हणाले, "इ-रॅ-सि-बि-लि-टी! सहा तुकडे, आणि मुख्य जोर 'बि'वर. तू 'रॅ'ला काय बडवतोयस? आपल्या रागीटपणासारखाच जोडत नेलेला शब्द आहे रे, राग, ईट, पणा. म्हण बघू!" सेक्रेटरीने तो नीट म्हटल्यावरच पार्किंगचा विषय पुढे सरकला.

घरातही भांडायचं ते इंग्रजीतूनच, असा त्यांचा कायदा होता. तेवढाच सराव होतो म्हणे. काकू त्यामुळे भांडतच नसत. लेक मात्र त्यात तयार झाली. तिने स्वतः पसंत केलेल्या मुलाबद्दल सांगितलं, तेव्हा नेमका मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. काकांनी घर डोक्यावर घेतलं. ती रडत रडत, कायद्याप्रमाणे इंग्रजीतून म्हणाली, तुमच्या या इरॅसिबिलिटीमुळे एक दिवस तुमच्याजवळ कोणी उरणार नाही. आणि काकांचा चेहरा उजळला! "व्वा! जोर अगदी अचूक!" ते मनापासून म्हणाले. त्यांना खरंच अभिमान वाटला होता, हे मी शपथेवर सांगेन. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, पर्स उचलली आणि निघून गेली. अंधेरीला लग्न झालं, तिथे काकू एकट्याच गेल्या.

आता काकांनी क्लास बंद केलेत. खेकसणंही जवळपास बंद आहे, आणि जिन्यात चपलांचा ढीग पडलेला पाहून मला उगाच वाईट वाटतं. लेक रविवारी काकूंना फोन करते. काकू फोन स्पीकरवर टाकतात आणि काका शेजारी श्वास रोखून बसतात. परवा मी तिथेच होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "आई, बाबा आहेत का गं तिथे?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी घाईघाईने हात हलवून 'नाही' अशी खूण केली.

"खाली गेलेत," काकू म्हणाल्या.

"बरं," ती म्हणाली, आणि थोडं थांबून पुढचं सांगू लागली.

फोन संपल्यावर मला राहवलं नाही. "काका, कदाचित बोलायचं असेल तिला."

"आणि नसेल तर?" काका म्हणाले. "फोन ठेवून देईल रे. मग आवाजही जाईल."