उंचवट्यापलीकडचा चेंडू

वारज्याच्या पुढे टेकडीच्या उतारावर महापालिकेचं गोल्फचं मैदान आहे, हे निम्म्या पुण्याला माहीत नाही आणि उरलेल्यांना पटत नाही. उद्यान विभागातून माझी तिथे बदली झाली तेव्हा अभिनंदनाचे फोन आले. सगळे टोमणेच होते. मला गवत कळत होतं, गोल्फ नाही.

गवताची दशा वाईट होती. ज्या तुळतुळीत हिरवळीवर शेवटी चेंडू भोकात घालायचा, तिला ग्रीन म्हणतात. आमच्या ग्रीनवर लव्हाळा माजला होता आणि म्हशी बसत होत्या. मी लव्हाळा मुळासकट खणून काढला, कुंपण दुरुस्त करून घेतलं, सांडपाणी शुद्ध करून येतं त्याची नवी नळी टाकली. मग खेळायच्या काठ्या भाड्याने ठेवल्या आणि फाटकावर पाटी लावली : मैदान सर्वांसाठी खुले आहे.

ही पाटी सकाळच्या चौकडीला झोंबली. बहुतेक निवृत्त मंडळी, पहिल्यापासून इथे खेळणारी. त्यांचे म्होरके एक डॉक्टर होते. सदाशिव पेठेत दवाखाना, हाताला गुण आणि जिभेला धार. पाटी वाचून ते मला म्हणाले, "सर्वांसाठी? मॅडम, मग बसथांबाही इथेच करा की. स्वारगेटची गर्दी थेट ग्रीनवर उतरेल."

त्या पाटीमुळेच चाचा आले. बोहरी आळीच्या अलीकडे त्यांचं शिंप्यांना लागणारं सामान विकायचं दुकान होतं. बटणं, अस्तर, दोरे. दुकान मुलाने हातात घेतलं आणि सकाळ मोकळी झाली, म्हणून ते बस बदलून यायचे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, डोक्यावर टोपी. खेळ अगदीच बेतास बात. काठी फिरायची, माती उडायची, चेंडू जागेवरच. ते चेंडूकडे वाकून बघायचे आणि म्हणायचे, "नाराज दिसतो." स्वतःवर इतकं मोकळं हसणारा माणूस मी पेठांमध्ये फार पाहिला नव्हता.

डॉक्टरांना मात्र ते हसणं सोसेना. माणूस स्वतःच हसला तर त्याला हसायची मजा जाते. ते मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "चाचा, कापड बेतताय का? मग कात्री आणा, काठी कशाला?" चाचा म्हणायचे, "आणतो, डॉक्टरसाहेब."

तिसऱ्या होलला, म्हणजे तिसऱ्या भोकाच्या वाटेवर, मध्ये मातीचा मोठा उंचवटा होता. चेंडू मारायचा अलीकडून, ग्रीन पलीकडे, दिसायचं काहीच नाही. एका सकाळी डॉक्टरांची चौकडी खेळून पलीकडच्या ग्रीनवर उभी होती. अलीकडून चाचांनी काठी फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा चेंडू उडाला. उंचवट्यावरून पार गेला. जरा वेळ गेला आणि मग पलीकडून डॉक्टरांची हाक आली, "चाचा! अहो चाचा! आत गेला!"

एकाच फटक्यात चेंडू भोकात जाणं, होल इन वन, ही गोष्ट जन्मभर खेळणाऱ्यांच्याही वाट्याला सहसा येत नाही. चाचा धावत उंचवटा चढले, उतरले, भोकात हात घातला आणि स्वतःचा चेंडू बाहेर काढला. मी तिथे पोचले तेव्हा ते गवतावर बसून होते. चेंडू दोन्ही हातांत धरलेला, डोळे भरलेले. "मॅडम, मी बघितलंसुद्धा नाही," एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना उठवून मिठी मारली. "सत्कार व्हायलाच पाहिजे," ते मला म्हणाले. "शाल, श्रीफळ, सगळं. घरच्यांना बोलवा, चाचा." मला वाटलं, चला, या माणसातही माया आहे तर. मी आनंदाने तयारीला लागले.

रविवारी चाचा सहकुटुंब आले. पत्नी, मुलगा, सून, शाळकरी नात. होल इन वन करणाऱ्याने सगळ्यांना खाऊ घालायचं असा रिवाज डॉक्टरांनीच त्यांना सांगितला होता, म्हणून चाचींनी मोठं पातेलं भरून शिरखुर्मा केला होता. सगळ्यांनी खाल्ला. डॉक्टरांनी दुसरी वाटी मागून घेतली आणि चाचींना म्हणाले, "वहिनी, हाताला चव आहे तुमच्या." मी चाचांना शाल घातली, नारळ दिला. मग डॉक्टर दोन शब्द बोलायला उभे राहिले.

त्यांनी चाचांची चिकाटी वाखाणली. मग रुमालाने ओठ पुसत म्हणाले, "आता एक छोटी दुरुस्ती. चेंडू भोकात गेला हे खरं. पण तो गेला नाही, त्याला न्यावा लागला. झुडपात पडला होता बिचारा. मी उचलला आणि आत ठेवला. तेव्हा या शालीचा अर्धा मानकरी मी!"

आधी चौकडी हसली. मग बाकीचेही हसले, कारण डॉक्टर बोलले की हसायची सवय होती. चाचीही हसल्या, त्यांना वाटलं, काहीतरी चांगलंच बोलले असतील. सुनेने त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा त्या थांबल्या.

चाचा शाल घेऊन उभेच होते. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "झुडपात म्हणजे कुठल्या, डॉक्टरसाहेब? ग्रीनच्या जवळच्या का?"

"नाही हो. पार लांबच्या. शोधताना पँट फाटली माझी. अस्तर लावून द्या."

पुन्हा हशा. चाचांनी शाल काढली, नीट चौघडी घातली, नारळ वर ठेवला आणि दोन्ही माझ्या टेबलावर आणून ठेवले. "हे आपलं," म्हणाले. मुलाने रिकामं पातेलं उचललं. सगळे फाटकातून बाहेर पडले.

मी तिथेच, सगळ्यांसमोर डॉक्टरांना सांगितलं, "उद्यापासून तुम्ही इथे यायचं नाही."

"अहो, सार्वजनिक मैदान आहे," ते म्हणाले. "पाटी तुम्हीच लावलीत."

दुसऱ्या दिवशी माझ्या साहेबांचा फोन आला. "थट्टा केली म्हणून माणसाला हाकलता येतं का? कुठला नियम दाखवणार? आणि हो, माझ्या आईचं औषध त्यांच्याकडेच चालू आहे." आठवडाही गेला नाही, डॉक्टर फाटकातून आत आले. "नमस्कार मॅडम. ग्रीन झकास राखलंयत हं." त्या दिवशी हसलेल्यांपैकी काहीजण मला एकेकटे गाठून म्हणाले, जरा अतिच झालं. आणि मग डॉक्टरांबरोबर खेळायला गेले.

माझ्या हातात माणसं नव्हती, माती होती. पुढच्या कामांच्या यादीत मी तिसऱ्या होलचा उंचवटा काढायचं घातलं. पलीकडचं माणूस दिसत नाही, चेंडू लागण्याचा धोका आहे, असं कारण दिलं. ते खरंही होतं. जेसीबी आला आणि उंचवटा सपाट झाला. आता चेंडू मारल्यापासून पडेपर्यंत दिसतो. डॉक्टर म्हणाले, "होलची गंमत घालवलीत, मॅडम."

चाचा काही आले नाहीत. शेवटी मीच दुकानात गेले. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. उंचवटा काढला, आता सगळं स्वच्छ दिसतं, तुम्ही या, असं मी सांगितलं. ऐकता ऐकता ते समोरच्या एका बाईंच्या ब्लाउजच्या कापडाला बटणं जुळवून बघत होते.

"फटका मी पुन्हा मारीनही," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. पण परवा नात शाळेतून धावत आली. चित्रकलेत पहिली आली म्हणाली. मी विचारलं, कोणी सांगितलं? तू स्वतः बघितलंस का? कोणी चेष्टा तर नाही ना केली? पोरगी रडायला लागली. माझी सून आता तिला माझ्याजवळ काही सांगू देत नाही."

मी चहा संपवला. उठताना पुन्हा म्हटलं, "या मात्र, चाचा. मी वाट बघते."

त्यांनी बटणांचा डबा बंद केला आणि माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. आवाज नेहमीसारखाच अदबीचा होता.

"मॅडम, रागावू नका. तुम्हाला डॉक्टरसाहेबांनी तर नाही ना पाठवलं?"