डाग काढलेला कापूस

पिंपळगाव राजाचे इंद्रभानराव एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून पहिली खरेदी केली ती डिजिटल कॅमेऱ्याची. विहिरीवर नवी मोटार बसेल, अशी त्यांच्या बायकोची, मंजुळाबाईंची बिचारीची समजूत होती. ओसरीत तीन पायांचा स्टँड तेवढा बसला.

दर रविवारी अन्वरभाईंच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तिघांचा क्लब भरायचा. अन्वरभाई, कंपाउंडर महादेवराव आणि आपले इंद्रभानराव. कार्डातले फोटो टीव्हीवर लावायचे, चहा मागवायचा आणि एकमेकांच्या कलेचं पार वाटोळं करायचं. महादेवरावांकडे एकाच बगळ्याचे दोनशे फोटो होते. बगळा जागचा हलला नव्हता, तरी निम्मे फोटो हललेले. शटर किती ठेवावं आणि मागचं धूसर कसं करावं, हे अन्वरभाई असं रंगून सांगत की गिऱ्हाइकाचा टीव्ही उघडाच पडून राही. क्लबाचा कायदा एकच होता, फोटोत डाग दिसायला नको. दिसला तर कॉम्प्युटरवर पुसून टाकायचा. याला अन्वरभाई ‘सफाई’ म्हणत, आणि सफाईत इंद्रभानरावांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

त्या साली कापसात गुलाबी बोंडअळी पडली. बीटी पेरलं की अळीचं नाव नाही, असं दुकानदार छातीठोक सांगायचा. अळीला मात्र कोणी कळवलं नसावं. चार एकरांत मंजुळाबाई एकट्या राबल्या होत्या. वेचायला गेल्या तर बोंडं उमलेनात, फोडून पाहिली तर आत कापसाची पिवळी, चिकटलेली कवडी आणि पोखरलेली सरकी. त्या बांधावर बसून रडल्या. इंद्रभानराव आले, हळहळले. खोटं कशाला बोला, मनापासून हळहळले. पण उजेड फारच झकास पडला होता. त्यांनी दीडशे फोटो काढले.

मग साऱ्या गावासारखा त्यांनीही उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला आणि हरभरा पेरला. त्यावर पंधरा दिवसांनी पंचनाम्याचा हुकूम आला! तलाठी शेषराव म्हणाले, पीक नसेल तर निदान फोटो दाखवा, त्याशिवाय भरपाईचा कागद पुढे सरकत नाही. गाव कपाळाला हात लावून बसलं. इंद्रभानरावांची कॉलर तेवढी ताठ झाली. मंजुळाबाईंनीही त्या दिवशी कॅमेऱ्यावरची धूळ पदरानं पुसली आणि तलाठ्यासाठी दुधाचा चहा ठेवला.

शेषराव ओसरीत टेकले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकू लागला. पांढरंशुभ्र, टपोरं बोंड, मागे धूसर हिरवळ. ना भोक, ना अळी, ना कवडी.

"काका," शेषराव म्हणाले, "असा कापूस मी यंदा साऱ्या तालुक्यात पाह्यला नाही."

इंद्रभानरावांच्या पायाखालची जमीन सरकली. क्लबात न्यायच्या आधी त्यांनी रात्र रात्र बसून एकूण एक भोक बुजवलं होतं, पिवळी कवडी पांढरी केली होती. आणि मूळ फोटो? ते कार्डावरून पुसून टाकलेले. महादेवरावांच्या बगळ्याला टक्कर द्यायची, तर जागा नको का? "इथं भोक होतं हो," ते पडद्यावर बोट ठेवून ठेवून सांगत राहिले. शेषराव भला माणूस, हसला नाही. त्यानं कागदावर ‘नुकसान आढळत नाही’ असं लिहिलं, चहा पिऊन निरोप घेतला.

मंजुळाबाई उठल्या. कपबशी उचलून आत ठेवली, बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर दोन्ही हात उघडे धरले. वाळल्या बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेले, बोटांना चिरा पडलेले.

"आता ह्या हातायचा काढा फोटू," त्या म्हणाल्या. "पण सफाई नका करू."

इंद्रभानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅमेरा गळ्यातच होता, पण तो फोटो काही त्यांच्यानं निघाला नाही.