डोळ्यांची आखणी

माझे वडील लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगारी होते. शिकाऊ माणसाने मूर्तीचं सगळं करायचं, अंगाचा रंग, पितांबर, दागिने. पण डोळ्यांना हात लावायचा नाही, अशी तिथली रीत होती. डोळ्यांच्या दोन जागा कोऱ्या ठेवून तो बाजूला व्हायचा. मग वडील हात धुऊन बसायचे आणि श्वास धरून डोळ्यांची आखणी करायचे. डोळे कोरे ठेवणं म्हणजे मोठ्यांना मान देणं, हे माझ्यात इतक्या लहानपणी मुरलं की कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता मी परळच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते. शिकवते म्हणजे म्हणायचं आपलं. गणिताचा पोर्शन राहिला की माझा तास गेला. फळ्यावर सुविचार, समारंभाला रांगोळी, पाहुण्यांच्या नावाची पाटी ही माझी खरी नोकरी. त्यामुळे एका कंपनीने आमच्या मुलांसाठी चार शनिवारांची कार्यशाळा, शेवटी प्रदर्शन आणि बक्षीस द्यायचं ठरवलं तेव्हा मी हरखून गेले. ‘मुलांच्या सृजनशीलतेला वाव’ हा फलकही मीच रंगवला. कधी नव्हे ते जाड कागद आणि रंगांच्या भरलेल्या बाटल्या हातात आल्या होत्या.

पहिल्या शनिवारी म्हटलं, मनाला येईल ते काढा. चाळीस मुलांनी दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी आणि नारळाचं झाड काढलं. परळमध्ये जन्मलेल्या या पोरांनी झोपडी आणि डोंगर कुठे बघितले असणार? पण दोष त्यांना कसा देऊ? पहिलीपासून आम्हीच ते गिरवून घेतलेलं.

आठवीतल्या एका मुलीने मात्र डोंगर काढला नाही. तिची आई लालबागच्या मसाला गल्लीत मिरची कांडायच्या डंकावर काम करायची. मुलीने तो डंक काढला. बाटलीतला लाल रंग तिने तसाच लावला नाही. त्यात पिवळा आणि मातकट रंग बोटांनी कालवला आणि सगळी हवाच त्या रंगाची केली. त्या हवेत अकरा बायका उभ्या होत्या. वीस वर्षांच्या नोकरीत असलं चित्र माझ्या वर्गात कुणी काढलं नव्हतं. खरं सांगते, अंगावर काटा आला.

तिला चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसवायचं मी ठरवलं, पण तिच्या आईला हे मान्य नव्हतं. शिमगा जवळ आला होता, मिरचीचा हंगाम सुरू होत होता आणि तिला शनिवारी पोरगी हाताशी हवी होती. तिने मला शाळेच्या फाटकात गाठून सांगितलं, “चार शनवार दितंय, बाई. बक्षीस गावला तर बसवा तिका त्या चित्रांच्या परीक्षेक. नायतर ही थेरां बंद.”

म्हणजे त्या पोरीचं चित्र काढणं एका बक्षिसावर आलं होतं. ती बाजूला उभी राहून आम्हा दोघींकडे बघत होती.

चौथ्या शनिवारी दुपारी मुलं गेल्यावर मी प्रदर्शनासाठी चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवायला घेतली. तिचं चित्र समोर आलं आणि लक्षात आलं, एकाही बाईला डोळे नाहीत. भुवया होत्या, नाकं होती, आवळलेले ओठ होते. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन चिरा. मला गंमत वाटली. रंगाऱ्याच्या मुलीसाठी एका पोरीने डोळे कोरे ठेवले होते! तिला विचारावं हे मनातसुद्धा आलं नाही. शिवाय परीक्षक कंपनीचे साहेब; त्यांना चित्र अर्धवट वाटलं तर सगळंच मुसळ केरात. मी शून्य नंबरचा ब्रश घेतला, श्वास धरला आणि बावीस डोळे आखले. हात वडिलांसारखा चालला. त्या दुपारी मी फार खुशीत घरी गेले.

पहिला नंबर आला. साहेब म्हणाले, “काय बोलके डोळे आहेत!”

मुलगी चित्रासमोर आली आणि थांबली. “बाई, डोळे?”

“अगं, तू माझ्यासाठीच ठेवले होतेस ना?”

“नाय,” ती म्हणाली. “माझं झालं होतं काढून.”

मी काही बोलायच्या आत तिची आई पुढे आली. डंकावरून तशीच आली होती, केसांवर लाल भुकटी होती. “डोळे तुम्ही काढलात? तरीच! आमच्या पोरीक खंय असा जमतला!” असं म्हणून तिने माझ्यापुढे हात जोडले. पोरगी तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

परीक्षेचा फॉर्म मी मुलीकडे दिला, तो आलाच नाही. शेवटी एका शनिवारी मीच मसाला गल्लीत गेले. ती डंकाजवळ तोंडाला ओढणी बांधून मिरच्या ओतत होती. मी तिच्या आईला म्हटलं, “चित्र तिचं होतं हो. मी फक्त डोळे केले, आणि तेच चुकले.” आई हसली. “बाईंचा मन मोठा,” शेजारणीला म्हणाली.

“फॉर्म भर गं,” मी पोरीला म्हटलं.

“कशाला, बाई? बक्षीस तर तुमच्यामुळे आलं ना.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. मग तिने डंक चालू केला आणि म्हणाली, “डोळे मिटा, बाई, झोंबतील.”

मिटायच्या आधी मी एकदा आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बायका भुवया आवळून, ओठ दाबून उभ्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. नुसत्या चिरा. पोरीने काहीसुद्धा कोरं ठेवलं नव्हतं. लालबागमध्ये वाढलेल्या मला, दर वर्षी त्याच गल्लीतून मसाला नेणाऱ्या मला, ते दिसलं नव्हतं.

चित्र अजून मुख्याध्यापकांच्या ऑफिसात आहे. एका सुट्टीत मी ते उतरवून डोळे ब्लेडने खरवडून पाहिले. कागद फाटायला लागला, म्हणून परत लावून टाकलं. यंदाही कार्यशाळा झाली, फलक तोच वापरला.

ती आता नववीत आहे. चित्रकलेच्या तासाला मी फळ्यावर जे काढते ते ती हुबेहूब उतरवते आणि माणूस आला की डोळे कोरे ठेवून वही माझ्यापुढे करते.